नायलॉन बुशच्या गॅरेज बिजागऱ्या: चार स्टार, पाचवा स्क्रूंनी घालवला

मुलीचं घर ओहायोत, कोलंबसच्या बाहेर. दोन गाड्यांचं गॅरेज, आडव्या पट्ट्यांचं, दुमडत वर जाणारं दार १६ फूट रुंद आणि ७ फूट उंच, आणि त्याच्या बरोबर डोक्यावर नातीची खोली. जावई पहाटे अंधारातच कामाला निघतात. दार उघडलं की नात उठते, नात उठली की घर उठतं. म्हणून ह्या बिजागऱ्या मागवल्या. पॅकिंग छान, डिलिव्हरी वेळेवर, असलं मी लिहिणार नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात टूलरूममध्ये आयुष्य गेलंय, माल उघडून, घासून, मोजून बघायची खोड आहे.

आधी निकाल सांगतो. वळणावरचा कुईकुई आवाज पूर्ण गेला. खडखड बरीचशी गेली, पण ती बिजागऱ्यांमुळं नव्हे, सोबत घेतलेल्या रोलरमुळं, म्हणजे दार ज्यांवर ट्रॅकमधून सरकतं त्या चाकांमुळं. मोटरच्या साखळीची घरघर आहे तशीच आहे, तिच्याशी बिजागरीचा संबंध नाही. हे तीन आवाज वेगवेगळे आहेत हे ज्यानं ओळखलं नाही त्यानं काहीही विकत घेऊ नये.

जावयांचा विचार वेगळा होता. ‘‘बाबा, सरळ बेल्टची नवी मोटर बसवू या का? चारपाचशे डॉलरमध्ये होईल.’’ म्हटलं, ‘‘थांबा हो जरा, आधी आवाज कुठून येतो ते तर बघू.’’ मोटरच्या गाड्याला लोंबणारी लाल दोरी ओढली की दार मोटरपासून सुटतं. (दार बंद असतानाच ओढायची. वर असताना स्प्रिंग तुटलेली असेल तर दार धाडकन खाली येतं.) मग दार हातानं सावकाश उचललं. दाराचे आडवे चार पट्टे, त्यांच्यामध्ये तीन सांधे. दार उभ्या ट्रॅकवर असताना बिजागरी हलत नाही, आडव्या ट्रॅकवर गेल्यावरही हलत नाही. ती दुमडते फक्त मधल्या गोलाईवर, आणि तिथून बाहेर पडताना पुन्हा सरळ होते. म्हणजे एकेक सांधा गोलाईवर आला की कुई होत असेल तर दोष बिजागरीत. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग खडखड असेल तर रोलरमध्ये. आणि हातानं उचलताना दार गप्प असेल तर मग खुशाल मोटर बदला. आमचं दार तीनदा ओरडलं.

हे पट्ट्यापट्ट्यांनी वर जाणारं दार तिकडच्या लोकांना आपल्याकडच्या शटरइतकंच सवयीचं आहे. सी. जी. जॉन्सन नावाच्या माणसानं १९२१ साली ते केलं, १९२६ साली त्याला विजेची मोटर जोडली. शंभर वर्षं झाली, बिजागरीचं मूळ रूप फारसं बदललेलं नाही: वाकवलेला पत्रा आणि आत एक पिन.

जुनी बिजागरी काढून हातात घेतली आणि सगळं कळलं. पत्र्याचं टोक गुंडाळून नळी केलेली, पण गुंडाळलेली नळी कधी गोल होत नाही. जोड जिथं येतो तिथं ती किंचित उघडी राहते, आणि पिन त्या दोन कडांवर घासत बसते. आमच्या बिजागरीत पिनच्या पोटावर दोन चकचकीत रेघा पडल्या होत्या, भोक लंबुळकं झालं होतं, आणि सगळीकडं चहाच्या गाळासारखी लालसर भुकटी. तो गंज नुसता पाण्याचा नव्हे, लोखंडावर लोखंड घासून झिजलेला चुरा आहे. बिजागरी दोन बोटांत धरून हलवली तर टकटक वाजत होती. पत्रा मात्र ठणठणीत. म्हणूनच सांगतो, ‘जाड पत्रा, म्हणून शांत’ अशी जाहिरात दिसली तर पुढं चला. १४ गेजचा पत्रा, म्हणजे साधारण दोन मिलीमीटर, घरच्या दाराला पुरून उरतो. जाडीनं मजबुती येते, बिजागरी तडकत नाही. आवाज ठरतो पिन आणि भोक यांच्यातल्या फटीवर.

नव्या बिजागरीत त्या नळीत दोन्ही बाजूंनी नायलॉनचे बुश, म्हणजे पिन ज्यांत फिरते त्या छोट्या बाह्या, दाबून बसवलेत. बुशाला कॉलर, म्हणजे तोंडाशी बाहेर आलेली कड, आहे, हे मला सगळ्यात आवडलं. नुसता सरळ बुश टाकला असता तर पिन गोल फिरताना गप्प बसली असती, पण दोन पानांच्या कडा बाजूनं एकमेकींवर घासल्याच असत्या. कॉलरमुळं तिथंही लोखंडाला लोखंड लागत नाही. पिनच्या एका टोकाला बारीक दाते आहेत, त्यामुळं ती बाहेरच्या पानात घट्ट अडकते आणि फिरणं होतं ते फक्त नायलॉनच्या आत. ज्यानं कोणी हे डिझाइन केलं त्यानं घर्षण कुठं व्हावं हे आधी ठरवलं आणि मग भाग काढले. स्वस्तातल्या बिजागऱ्यांत पिन वाटेल तिथं फिरते.

पिनची जाडीही विचार करून ठेवलेली दिसते. घर्षणाचा पीळ तीन गोष्टींवर ठरतो: घर्षणांक, भार आणि पिनची त्रिज्या. पिन बारीक केली तर पीळ कमी होतो, दार हलकं फिरतं. पण फार बारीक केली तर तोच भार थोड्या जागेवर येतो आणि नायलॉन चेपत जातं. ह्यांनी पिन दोन सुतांच्या (पाव इंचाच्या) आसपास ठेवून बुश लांब केलाय, म्हणजे दाब पसरतो. माझ्या हाताखाली एखाद्या पोरानं असा ड्रॉइंग आणला असता तर सही करून पाठवला असता.

आता खोट. पाकिटावर नुसतं ‘पॉलिमर बुश’ लिहिलंय. पॉलिमर म्हणजे काय हे कोण सांगणार? जादा आलेल्या बुशाची एक ढलपी पात्यानं काढली आणि अंगणात काडीनं पेटवली. केस जळल्यासारखा वास आला, म्हणजे नायलॉन. ॲसिटल नावाचं दुसरं प्लास्टिक असतं तर नाकात झोंबणारा फॉर्मालिनचा वास आला असता. (हे धंद्यातले उद्योग आहेत, घरात करू नका, आणि वासही लांबूनच घ्या.) फरक असा की नायलॉन हवेतली ओल पिऊन फुगतं, ॲसिटल जवळजवळ फुगत नाही. ओहायोतल्या बंद, कोरड्या गॅरेजात चालून जाईल. पण रत्नागिरीच्या पावसाळ्यात हा बुश पिनेला आवळून बसला तर मला नवल वाटणार नाही. दोन पैसे जास्त घेऊन ॲसिटल घातलं असतं तर बुशाला मी नावं ठेवली नसती.

बसवायला सोपं आहे, पण नंबराकडं लक्ष हवं. बिजागरीच्या पानावर १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात. सगळ्यात खालच्या सांध्याला दोन्ही टोकांना १ नंबर, त्याच्या वर २, त्याच्या वर ३. मधल्या बिजागऱ्या, ज्यांना रोलर नसतो, त्या सगळ्या १ नंबरच्या. नंबर वाढतो तसं रोलरचा दांडा ज्यात बसतो ते नळकांडं दारापासून लांब जातं, कारण उभा ट्रॅक सरळ ओळंब्यात नसतो, वर जाताना चौकटीपासून किंचित मागं कललेला असतो. त्यामुळं बंद होताना दार रबरी पट्टीवर दाबून बसतं आणि उघडताना लगेच सुटतं. नंबर उलटसुलट झाले की दार पट्टीला घासतं नाही तर ट्रॅकमध्ये आवळतं, आणि मग लोक म्हणतात बिजागरी वाईट निघाली. आमच्या दाराला टोकांच्या सहा आणि मधल्या नऊ अशा पंधरा लागल्या. सेटमध्ये २ नंबरची एकच आली, ३ नंबरच्या तीन. विकणाऱ्याला फोटो पाठवल्यावर त्यानं कुरकुर न करता बरोबर माल पाठवला, पण तोवर काम अर्धवट लटकलं. पंधरा नग मोजून भरायला किती अक्कल लागते?

काम करताना दार पूर्ण खाली, मोटरचा प्लग काढलेला, आणि एका वेळी एकच बिजागरी. जुनी काढली की तिथंच नवी लावायची, मगच पुढची. टोकाची बिजागरी सुटली की रोलरही हातात येतो, तेव्हाच तो बदलून घ्या. मी सीलबंद बेअरिंगचे नायलॉन रोलर घातले. मात्र सगळ्यात खालच्या दोन कोपऱ्यांतल्या ब्रॅकेटला हात लावायचा नाही. बऱ्याच दारांवर तो लाल रंगवलेला असतो. अख्खं दार उचलणारी तार तिथं अडकलेली असते आणि वरच्या स्प्रिंगचा सगळा ताण तिच्यावर असतो. त्याचा बोल्ट सैल केला तर हात जाईल. तिथले दोन रोलर मी जुनेच ठेवलेत; मेकॅनिक स्प्रिंग बघायला येईल तेव्हा बदलेल.

आणि स्क्रू. सोबत दिलेले पत्र्याचे स्क्रू इतके मऊ की साडेतीन सुताच्या पान्यात दोन स्क्रूंची डोकी गोल झाली. हातानं पिळत होतो तरी! इम्पॅक्ट मशीन लावलं असतं तर दाराच्या पातळ पत्र्यातली भोकंच मोठी झाली असती. सगळे स्क्रू बाजूला ठेवून दुकानातून चांगले आणले. जिथं जुनी भोकं आधीच सैल होती तिथं एक माप जाड घातले. बुशावर एवढी मेहनत घेणाऱ्या माणसानं स्क्रूवर कंजुषी का करावी कळत नाही. सैल स्क्रू म्हणजे पान हलणार, पान हललं की टकटक आलीच, मग आत बुश सोन्याचा का असेना.

आणखी एक खुपलं. रोलरचा दांडा ज्या नळकांड्यात बसतो ते गरजेपेक्षा ढिलं आहे. दांडा थोडा हलायला हवाच, नाही तर गोलाईवर अडकेल, पण इथं फट जास्त आहे आणि उरलीसुरली खडखड तिथूनच येते. पिनेच्या बुशासारखीच एक नायलॉनची बाही तिथं घातली असती तर काम पुरं झालं असतं. सध्या मी दांड्याला सिलिकॉन ग्रीसचं बोट लावलंय, निम्मा आवाज दबला.

तेलाबद्दल शेजारच्या गृहस्थांनी प्रेमानं निळ्या-पिवळ्या डब्याचा स्प्रे आणून दिला. तो गंजलेला नट सोडवायला उत्तम, पण जुनं ग्रीस धुऊन टाकतो आणि स्वतः फार टिकत नाही. ह्या बिजागऱ्यांना तेल लागतच नाही, उलट तेलावर धूळ बसून लेप होतो. ट्रॅकलाही ग्रीस थापू नका, कोरड्या फडक्यानं पुसा.

दार आता हातानं उचललं तर अर्ध्यावर सोडलं तरी जागेवर राहतं, आणि गोलाईवर गप्प जातं. सगळं मिळून, रोलर आणि नवे स्क्रू धरून, शंभर डॉलरच्या आसपास खर्च आला. जावयांना मोटर अजून हवीच आहे. घ्या म्हटलं, पण आता ती साखळीच्या आवाजासाठी घ्या.

मागवण्याआधी आपल्या दाराच्या बिजागऱ्यांवरचे नंबर वाचून कागदावर लिहून घ्या. दार उंच असेल आणि पाच पट्ट्यांचं असेल तर ४ नंबरची जोडीही लागते, ती ह्या सेटमध्ये नाही.