पार-क्यू प्लस की एसीएसएम, स्टेप टेस्ट की चाल: नवा क्लायंट आल्यावर नेमकं काय तपासायचं?

बहुतेक जिमच्या प्रवेशफॉर्मवर तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ असते: ‘मी स्वतःच्या जबाबदारीवर व्यायाम करत आहे.’ तिच्याखाली सही घेतली की स्क्रीनिंग उरकलं, असं धरून चालणारे ट्रेनर कमी नाहीत. त्या सहीनं मालकाला थोडा धीर येत असेल, पण जिना चढताना समोरच्या माणसाच्या छातीत दडपल्यासारखं होतं का, हे तिच्यातून कळत नाही.

पहिल्या दिवशी ट्रेनरसमोर कामं दोन असतात. याला आज व्यायाम द्यायचा का, दिला तर किती जोराचा, की आधी डॉक्टरकडे पाठवायचं, हे ठरवणं म्हणजे स्क्रीनिंग. तो कुठून सुरुवात करतोय हे मोजणं म्हणजे फिटनेस असेसमेंट. दोन्हींसाठी बाजारात भरपूर पर्याय आहेत आणि हातात जेमतेम पाऊण तास असतो. त्यामुळे प्रश्न निवडीचाच आहे. सोसायटीच्या जिममध्ये किंवा घरी जाऊन शिकवणाऱ्या, एकट्यानं काम करणाऱ्या ट्रेनरला डोळ्यांसमोर ठेवून पुढची तुलना केली आहे.

कागद कोणता: पार-क्यू प्लस की एसीएसएमची पद्धत?

पार-क्यू ही प्रश्नावली मूळ कॅनडातली, १९७०च्या दशकात ब्रिटिश कोलंबिया प्रांतात तयार झालेली. आज वापरायची ती तिची २०११पासूनची आवृत्ती, पार-क्यू प्लस. पहिल्या पानावर सात प्रश्न असतात: हृदयविकार किंवा उच्च रक्तदाब, छातीत दुखणं, चक्कर किंवा शुद्ध हरपणं, इतर जुनाट आजार, त्यासाठी चालू असलेली औषधं, हाडं-सांधे-स्नायूंची तक्रार, आणि ‘देखरेखीखालीच व्यायाम करा’ असं डॉक्टरांनी कधी सांगितलंय का. सातही उत्तरं ‘नाही’ आली तर सुरुवात करायला हरकत नाही. एखादं ‘हो’ आलं तर पुढच्या पानांवर त्या-त्या आजाराचे पोटप्रश्न आहेत. जुन्या पार-क्यूमध्ये एक ‘हो’ आलं की थेट डॉक्टरकडे धाडायचं असे. नव्या आवृत्तीनं ही सरसकट रवानगी कमी केली, आणि तिचा मोठा फायदा हाच.

अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन, म्हणजे एसीएसएम, यांनी २०१५मध्ये आपली पद्धत बदलली. आधी वय, धूम्रपान, कोलेस्टेरॉल असे धोक्याचे घटक मोजून गट पाडायचे. आता तीन गोष्टी विचारायच्या. गेले तीन महिने आठवड्यातून किमान तीन दिवस, दर वेळी अर्धा तास, मध्यम जोराचा व्यायाम होतोय का? हृदयाचा किंवा रक्तवाहिन्यांचा आजार, मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार किंवा त्यांची लक्षणं आहेत का? आणि पुढे किती जोराचा व्यायाम करायचा बेत आहे?

हे दोन्ही रस्ते कुठे वेगळे होतात, ते पाहण्यासारखं आहे.

समजा, अठ्ठेचाळीस वर्षांचे एक गृहस्थ आले. बैठी नोकरी, व्यायाम शून्य, बीपीची एक गोळी चालू, लक्षण कुठलंच नाही. पार-क्यू प्लसमध्ये ‘हो’ येतं, म्हणून पोटप्रश्न: गोळी घेऊनही बीपी ताब्यात राहत नाही का? विश्रांतीतलं बीपी १६०/९० किंवा त्याहून जास्त आहे का? दोन्हींना ‘नाही’ आलं की हलक्या ते मध्यम व्यायामानं सुरुवात करता येते. एसीएसएमच्या पद्धतीत नुसता उच्च रक्तदाब हा ‘ज्ञात हृदयविकारा’त धरलेलाच नाही, त्यामुळे तिथेही हिरवा कंदील. निकाल एकच, पण बीपीचा आकडा विचारते ती पार-क्यू प्लस.

आता त्याच गृहस्थांना बीपीऐवजी मधुमेह आहे असं धरा. साखर ताब्यात, बाकी गुंतागुंत नाही. पार-क्यू प्लसचे पोटप्रश्न पार करून ते सुरुवात करू शकतात. एसीएसएमच्या मते मात्र व्यायामाची सवय नसलेल्या मधुमेहीनं, लक्षणं नसली तरी, आधी डॉक्टरांची परवानगी घ्यावी. इथे दोन्ही पद्धती सरळ विरुद्ध बोलतात. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पाहणीचा २०२३मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज भारतात दहा कोटींहून जास्त मधुमेही असल्याचा आहे. म्हणजे हा क्लायंट अपवादानं भेटणारा नव्हे, महिन्याला एखादा भेटणारच.

माझी पसंती अशी: कागद पार-क्यू प्लसचा ठेवा, कारण तो लिखित आहे, त्यावर सही-तारीख असते आणि पोटप्रश्न तयार मिळतात. तो वापरायचा तर अख्खा आणि न बदलता, असं त्यावरच छापलेलं आहे. त्याच्या जोडीला एसीएसएमचे दोन प्रश्न तोंडी विचारा: तीन महिन्यांची सवय आणि लक्षणं. आणि मधुमेहाच्या बाबतीत, माणूस व्यायामाला नवा असेल तर, एसीएसएमची कडक बाजू धरा. डॉक्टरांची चिठ्ठी आणायला लागणारे चार दिवस गेले तर काही बिघडत नाही.

कागद कुठलाही निवडा, तो क्लायंटच्या हातात देऊन फोन बघत बसू नका. सगळ्या रकान्यांत सरसकट ‘नाही’वर खुणा करून फॉर्म दोन मिनिटांत परत येतो. मग शेजारी बसून विचारलं की संवाद असा होतो: ‘बीपी आहे का?’ ‘छे, नॉर्मल असतं.’ ‘गोळी?’ ‘हो, ती रोज सकाळी घेतो ना, म्हणून तर नॉर्मल असतं.’ शुगर ‘बॉर्डरवर’ असते. छातीतली जळजळ ‘ॲसिडिटी’ असते, आणि ती जिना चढतानाच का होते याचा कुणी विचार केलेला नसतो. म्हणून आजाराचं नाव विचारण्याआधी गोळ्यांची पाकिटं पाहायला मागा. घरी शिकवायला जात असाल तर हे आणखी सोपं. नावाच्या शेवटी ‘लॉल’ असेल (ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल) तर तो बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, असतो आणि नाडी मोजून केलेली कुठलीही चाचणी त्या माणसावर फसवी ठरते. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर व्यायामात साखर अचानक उतरू शकते. गोळी बदलायचा सल्ला देणं आपलं काम नव्हे, पण ती चालू आहे हे माहीत असणं आपलंच काम.

बीपी मशीन: इथे पर्यायच नाही

दंडावर बांधायचं डिजिटल मशीन घ्या, मनगटावरचं नको. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर. आधीच्या अर्ध्या तासात चहा किंवा तंबाखू नको. दंड जाड असेल तर मोठा कफ, म्हणजे दंडाभोवतीचा पट्टा, लागतो, कारण लहान कफ आकडा उगाच वाढवून दाखवतो. वरचं २००च्या किंवा खालचं ११०च्या पुढे असेल तर त्या दिवशी कुठलीही फिटनेस चाचणी घ्यायची नाही, डॉक्टरांकडे पाठवायचं.

दमसास मोजायला काय वापरायचं?

| चाचणी | लागतं काय | कुणासाठी बरी | अडचण |
|---|---|---|---|
| वायएमसीए स्टेप टेस्ट, ३ मिनिटं | ३०.५ सेंमी उंच पायरी, मेट्रोनोम (ठरावीक लयीत ठोके देणारं यंत्र) | गुडघे ठीक असलेले नवखे | पायरीची उंची, बीटा ब्लॉकर |
| रॉकपोर्ट चाल, १.६ किमी | सपाट मोजलेला रस्ता, घड्याळ | चालायची सवय असलेले मध्यमवयीन | जागा, ऊन, बीटा ब्लॉकर |
| कूपर, १२ मिनिटं धावणे | मैदान | आधीपासून धावणारे, पोलीस भरतीवाले | पूर्ण ताकद लावावी लागते |
| ३० सेकंद खुर्चीवरून उठ-बस | सुमारे ४३ सेंमी उंच खुर्ची | साठीपुढचे | पायांची ताकद कळते, दमसास नाही |

कूपरची चाचणी १९६८मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या जवानांवर आधारलेली आहे. व्यायामाला नव्यानं आलेल्या चाळिशीच्या माणसाला पहिल्याच दिवशी बारा मिनिटं जीव तोडून पळवण्यात काही शहाणपण नाही. ती बाजूला ठेवली की खरी लढत उरते ती स्टेप आणि चालीची.

स्टेप टेस्टमध्ये मेट्रोनोम मिनिटाला ९६ ठोक्यांवर लावायचा. वर-वर-खाली-खाली अशा चार ठोक्यांची एक फेरी, म्हणजे मिनिटाला २४ फेऱ्या. तीन मिनिटं झाली की लगेच बसवायचं आणि पाच सेकंदांच्या आत नाडी मोजायला सुरुवात करून पूर्ण एक मिनिट मोजायची. जागा दोन पावलांची, वेळ पाच मिनिटांचा. गोची पायरीत आहे. ॲरोबिक्सचे स्टेप बोर्ड सहसा १० ते २० सेंमी उंच असतात आणि इमारतीच्या जिन्याची पायरीही ३० सेंमी नसते. कमी उंचीवर चाचणी घेऊन आलेला आकडा वायएमसीएच्या तक्त्यात बसवून ‘तुमचा फिटनेस उत्तम’ सांगणं म्हणजे शुद्ध फसवणूक. सुतारकाम येणाऱ्याकडून एक लाकडी खोकं करून घ्या, नाहीतर जी पायरी आहे तिची उंची लिहून ठेवा आणि त्या क्लायंटची तुलना फक्त त्याच्याच जुन्या आकड्याशी करा.

रॉकपोर्ट चालीत पायरी लागत नाही. जमेल तितक्या झपाझप १.६ किमी चालायचं, वेळ आणि शेवटची नाडी नोंदवायची, मग वय, वजन आणि लिंग धरून सूत्रानं दमसासाचा अंदाज काढायचा. ४०० मीटरच्या ट्रॅकवर चार फेऱ्या आणि थोडी पावलं. विदर्भात मे महिन्यात सकाळी आठनंतर घेतलेली चाल आणि डिसेंबरातली चाल यांची तुलना मात्र होऊ शकत नाही, कारण उष्म्यानं नाडी आपोआप वाढते.

माझ्या मते घरगुती क्लायंटला स्टेप, आणि गुडघे कुरकुरणारे किंवा वजन जास्त असलेल्यांना चाल. बीटा ब्लॉकरवाल्यांना दोन्ही नकोत. त्यांना ‘किती जड गेलं’ हे बोर्गच्या ६ ते २०च्या पट्टीवर (६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे कमाल) विचारा आणि बोलताना दम लागतो का ते ऐका.

जाता जाता: कमाल नाडीसाठी ‘२२० वजा वय’ सगळ्यांच्या तोंडी असतं. २००१मध्ये तनाका या संशोधकांनी सुचवलेलं सूत्र २०८ वजा ०.७ गुणिले वय असं आहे. साठीच्या माणसाला पहिलं १६० देतं, दुसरं १६६. दोन्ही सरासरीची सूत्रं आहेत आणि एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो, त्यामुळे त्यावरून भांडण्यात अर्थ नाही.

चरबी: टेप, कॅलिपर की मशीन?

जिममध्ये सगळ्यात जास्त कागद छापते ती शरीरातून सौम्य वीजप्रवाह सोडून चरबीची टक्केवारी सांगणारी मशीन. ती प्रत्यक्षात शरीरातल्या पाण्यावरून अंदाज बांधते. एकादशीच्या उपवासाच्या संध्याकाळी आणि भरपेट जेवणानंतर तोच माणूस वेगवेगळा आकडा देईल. विक्रीला ती छान आहे, निर्णयाला कच्ची. कॅलिपर, म्हणजे कातडीची घडी मोजायचा चिमटा, स्वस्त, पण हात बसायला बराच सराव लागतो, आणि पोट-मांडीची कातडी चिमटीत धरून मोजणं पहिल्याच दिवशी अनेकांना, विशेषतः पुरुष ट्रेनरकडे आलेल्या बायकांना, नको वाटतं. या मापांवरून चरबी काढायची जॅक्सन आणि पोलॉक यांची लोकप्रिय सूत्रंही अमेरिकी लोकांवरून काढलेली आहेत.

बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणाऱ्या आकड्यावर, सगळा भरवसा का टाकू नये, याचं उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीयांसाठी जास्त वजनाची रेषा २३वर आणि लठ्ठपणाची २५वर आणली गेली, त्यामागे हीच गोष्ट आहे.

म्हणून साधी टेप. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडल्यावर, टेप कातडीला टेकलेली पण आवळलेली नाही. पुरुषांत ९० सेंमी आणि स्त्रियांत ८० सेंमी ही भारतीयांसाठीची धोक्याची रेषा. पँट जिथे बांधतात तिथे मोजू नका. सुटलेल्या पोटाखाली बांधलेली पँट वर्षानुवर्षं ३४चीच राहते.

हालचाल: एफएमएस की नुसती नजर?

फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन, म्हणजे एफएमएस, या चाचणीत सात हालचाली, प्रत्येकीला शून्य ते तीन, एकूण २१ गुण. अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंच्या २००७च्या एका अभ्यासावरून ‘१४ किंवा कमी म्हणजे दुखापतीचा धोका’ हे समीकरण पसरलं, पण पुढच्या अभ्यासांच्या आढाव्यांत ते ठामपणे टिकलं नाही. कोर्स आणि किट यांवर पैसे घालायची घाई नको. तिच्यातला एक नियम मात्र उचलण्याजोगा आहे: हालचालीत दुखलं की गुण शून्य. दुखणाऱ्या जागी कसरत वाढवायची नाही, फिजिओथेरपिस्टला दाखवायचं.

बाकी काम नजर करते. उकिडवं बसवा आणि टाचा उचलतात का बघा. जमिनीवर मांडी घालून बसायला आणि हात न टेकता उठायला सांगा. एका पायावर उभं करा. आपल्याकडे खाली बसून जेवलेल्या पिढीला हे जमतं आणि तिशीतल्या लॅपटॉपवाल्यांना जमत नाही, असं बऱ्याचदा दिसतं.

नोंदी आणि पुन्हा मोजणी

हे सगळे तपशील आरोग्याचे आहेत. मोबाइलमध्ये ठेवत असाल तर २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा लक्षात घेऊन आधी संमती घ्या, आणि ‘आधीचा-नंतरचा’ फोटो आकड्यांसकट ग्रुपवर टाकू नका.

फेरमोजणी सहा ते आठ आठवड्यांनी, त्याच वेळी, त्याच खुर्चीवर, त्याच पायरीवर. पार-क्यू प्लस मात्र जास्तीत जास्त १२ महिने चालतो. तब्येतीत बदल झाला तर त्याआधीच बाद. नवी गोळी सुरू झाली, दिवस राहिले, चिकनगुनियानं सांधे धरले, तर नवा फॉर्म भरून घ्यायचा. महिन्याची फी घेताना ‘गोळ्यांत काही बदल?’ एवढं विचारलं तरी यातलं बरंचसं वेळेत कळतं.