डाकोटाचं किट भारी, पण इंजिनाला व्हर्नियर लावून बघा

१/७२ स्केलचं, म्हणजे खऱ्याच्या ७२ पट लहान, डाकोटा विमानाचं मॉडेल किट मागवलं होतं, जळगावात असलं काही दुकानात मला तरी मिळालं नाही म्हणून ऑनलाइनच. कंपनीचं नाव घेत नाही. १९४७ च्या ऑक्टोबरात श्रीनगरला आपले जवान उतरले ते याच विमानातून, म्हणून कधीपासून करायचं डोक्यात होतं. बॉडी एक नंबर, पंखांचे जोड असे बसले की पुट्टी लागलीच नाही. दुखणं आहे ते इंजिनाचं.

डाकोटाला ट्विन वास्प इंजिन असतं, आर-१८३०. १४ सिलिंडर, सातसातच्या दोन गोल रांगा एकामागे एक, व्यास ४८ इंच म्हणजे १२१९ मिमी, त्याला ७२ ने भागा, किटमधलं इंजिन १६.९ मिमी भरायला पाहिजे. एमआयडीसीत लेथवाल्या मित्राकडे व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं साधन, घ्यायला गेलो तर तो म्हणे "हाऊ टेबल फॅन शे का रे भो?" मोजलं तर १५.४! डोकंच फिरलं. मग काउलिंग, म्हणजे इंजिनाभोवतीचं गोल आवरण, मोजलं तेव्हा उलगडा झाला, प्लास्टिकची भिंत १ मिमी जाड, म्हणजे खऱ्या विमानाच्या हिशोबाने ७२ मिमीचा पत्रा झाला ना भाऊ, आत जागा उरणार कुठून, इंजिन बारकं करावंच लागतं. तेवढं माफ.

पण मागची रांग पुढच्या सिलिंडरांच्या बरोब्बर मागे लपवलीय, हे काय? खऱ्यात मागचा सिलिंडर पुढच्या दोघांच्या फटीत येतो, कारण इंजिन वाऱ्यावर थंड होतं, वारा नाही मिळाला तर मागचे सातही भरिताच्या वांग्यासारखे भाजून निघतील. मी खाच कापली आणि मागची चकती साधारण २६ अंश फिरवून चिकटवली, दहा मिनिटांचं काम, कंपनीला साच्यातच करता आलं असतं.

पुशरॉडच्या, म्हणजे सिलिंडरचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांच्या, नळ्याही पुढच्या सिलिंडरला एकेकच दिल्यात, पाहिजेत दोन, एक इनटेकची एक एक्झॉस्टची. खरवडून टाकल्या सगळ्या. विहिरीच्या मोटरी भरणाऱ्याकडून तांब्याची बारीक तार आणली आणि दोन्ही इंजिनांचे मिळून २८ तुकडे लावत बसलो, बायको म्हणाली एवढ्यात केळीचे वेफर्स तळून झाले असते.

चार स्टार देतो, एक इंजिनाचा कापला. काउलिंग अजून चिकटवलेलं नाही, आतून पॉलिश पेपरने घासून पातळ करतोय.