सबस्टन्स बघून चार दिवस झाले, अजून आरशासमोर नीट उभं राहवत नाहीये

सगळ्यात आधी एक सांगते, भरपेट जेवून जाऊ नका. उपाशी पण जाऊ नका, मग गरगरतं. आमच्या पुढच्या रांगेतल्या माणसाने पॉपकॉर्नचा भला मोठा टब आणला होता, पहिल्या वीसेक मिनिटांत तो पायाशी गेला आणि शेवटपर्यंत वर आला नाही.

'द सबस्टन्स' मी उशिराच बघितला, ऑस्कर वगैरे सगळं उरकल्यावर, एका स्पेशल शोला. सोबत भाची होती, तीच मागे लागली होती की मावशी तुला आवडेल, बायकांवर आहे. ती 21 ची, मी 47 ची, आणि हे वयाचं आधीच सांगून ठेवते कारण आम्ही दोघींनी शेजारी बसून दोन वेगळे पिक्चर बघितले असं मला अजून वाटतंय.

गोष्ट थोडक्यात. एलिझाबेथ स्पार्कल (डेमी मूर), एकेकाळची मोठी हॉलिवूड नटी, आता टीव्हीवर एरोबिक्सचा शो करते. पन्नासाव्या वाढदिवसाला चॅनलवाला तिला नारळ देतो. मग तिला एका औषधाचा पत्ता लागतो, हिरवंगार इंजेक्शन, ते टोचलं की तुमच्यातूनच तुमची तरुण, 'सुधारित' आवृत्ती बाहेर पडते. बाहेर पडते म्हणजे खरोखर पाठ उकलून बाहेर पडते. एलिझाबेथमधून निघते ती स्यू. नियम साधे आहेत, सात दिवस ही, सात दिवस ती, जी जागी नसेल ती बाथरूमच्या फरशीवर निपचित, आणि दोघी मिळून एकच आहात हे विसरायचं नाही. आता नियम असले की ते मोडणार हे आलंच.

ते पाठ उकलणं सुरू झालं तेव्हा आमच्या रांगेतलं एक जोडपं उठून गेलं. मागून कोणीतरी मोठ्याने हसलं, ते भीती वाटली की माणूस हसतो ना तसलं हसू. मी स्वतः डोळ्यांवर ओढणी घेतली होती पण ओढणी पातळ होती त्यामुळे उपयोग शून्य, आणि तसंही निम्मं काम आवाज करतो. ती टाके घालते तेव्हा सुई कातडीतून जातानाचा, दोरा ओढल्याचा तो आवाज, डोळे मिटले तर जास्तच ऐकू येतो. सुयांची भीती असलेल्यांनी खरंच विचार करून जावं, सुया शेवटपर्यंत संपत नाहीत.

पण गंमत म्हणजे पहिली किळस येते ती रक्ताची नाहीच, कोळंबीची. चॅनलवाला झालेला डेनिस क्वेड तिला कामावरून काढताना समोर बसून कोळंबी खातोय, कॅमेरा पार त्याच्या तोंडात, सॉस ओठांवरून ओघळतोय, सालं टेबलावर पडतायत, आणि हा तिला सांगतोय की बाईचं पन्नाशीला काय संपतं. पुढे जे सगळं फाटतं तुटतं त्याच्या आधीच दिग्दर्शिकेने तुम्हाला सांगून टाकलंय की घाण नक्की कुठे आहे. भाचीच्या मते हा फारच कार्टून झालाय, इतका वाईट माणूस कुठे असतो. मी म्हटलं नोकरीला लाग आधी, मग बोलू.

आता खरा सीन. याच्यात रक्ताचा थेंब नाही. एलिझाबेथला शाळेतला एक जुना ओळखीचा भेटलेला असतो, साधा, जरा बावळट, पण तिच्याकडे बघून मनापासून खूश होणारा. एकटेपणा असह्य झाल्यावर ती त्याला फोन करते, भेटायचं ठरतं. लाल ड्रेस, लिपस्टिक, सुंदर दिसतेय. निघते, तर खिडकीबाहेर त्या तरुण स्यूचं भलं मोठं होर्डिंग. परत आरशासमोर. गालांना अजून थोडं काहीतरी लावते. परत दारापर्यंत. दाराच्या मुठीत स्वतःचं वेडंवाकडं प्रतिबिंब दिसतं. परत आत, आता गळा झाकते, ओठांचा रंग बदलते. वेळ टळून जाते, तो मेसेज करतोय, आणि ही शेवटी तळहाताने सगळा मेकअप तोंडभर फरफटवते, गाल ओढून ओढून, जणू चेहराच उतरवायचाय.

या सीनला थिएटरमध्ये कोणी हसलं नाही, कोणी उठलं नाही, शेजारची बाई चिप्सची पिशवी चुरगाळत होती ती पण थांबली. मला वाटलं हा माझ्या वयाचा सीन आहे, भाचीकडे बघितलं तर ती माझ्यापेक्षा जास्त ताठ बसलेली. नंतर विचारलं तर म्हणाली, मावशी, मी दोनदा पार्टीला निघून असंच परत घरात येऊन झोपलेय, आईला पोट दुखतंय सांगितलं होतं. मला माहीतच नव्हतं. इंटरव्हलला वॉशरूममध्ये आठ-दहा बायका हात धूत होत्या आणि सगळ्यांच्या माना नळाकडे.

बाहेर पडल्यावर मात्र भांडण. भाचीच्या मैत्रिणींचा पहिला प्रश्न, की एलिझाबेथला स्यूच्या सात दिवसांतलं काहीच अनुभवायला मिळत नाही असं दिसतं, मग तिला फायदा काय? बंद का नाही करत? प्रश्न चोख आहे आणि पिक्चर त्याचं सरळ उत्तर देत नाही. मला ते खटकलं नाही, निदान कोणाला तरी आपलं कौतुक करताना बघायचंय एवढ्यासाठी माणूस काय काय करतो. दुसरी तक्रार अशी की स्यूच्या अंगावरून कॅमेरा ज्या पद्धतीने फिरतो ते बघता टीका करतायत की मजा घेतायत? इथे मी तक्रार करणाऱ्यांच्या बाजूने. पहिल्या दोन वेळा मुद्दा कळला, दिग्दर्शिका कोराली फार्झा बाईंनी तो पुढे आठ वेळा समजावलाय. स्यू झालेल्या मार्गारेट क्वालीने काम झकास केलंय, तो भाग वेगळा.

शेवटचा अर्धा तास तर लोक उभे आडवे भांडतायत. स्पॉयलर देत नाही, पण सटल वगैरे विसरा, होज लावून रक्त. भाची आणि मागची पोरं टाळ्या पिटत होती, हसत होती, मला हसू आलं नाही. ते जे काही स्टेजवर येतं ना, ते कानात डूल घालायचा प्रयत्न करतं, नटायचं सुटलेलंच नाही. माझ्या डोळ्यांत पाणी. भाची म्हणे तू याला रडतेयस? तरी सुद्धा तो भाग दहा मिनिटांनी कमी चालला असता, 2 तास 21 मिनिटं जरा जास्तच होतात.

मेकअपला ऑस्कर मिळालाय तो शंभर टक्के हक्काचा, ते रबर-सिलिकॉनचं काम हाताला लागेल इतकं खरं वाटतं. 1986 च्या 'द फ्लाय'ला पण याच कामाचा ऑस्कर होता, ज्यांना तो सोसला त्यांना हा सोसेल. कान चित्रपट महोत्सवात पटकथेचं बक्षीस मिळालं, आणि पिक्चरमध्ये संवाद बघायला गेलं तर मूठभर. डेमी मूरला गोल्डन ग्लोब मिळाला तेव्हा तिने सांगितलं होतं की तीसेक वर्षांपूर्वी एका निर्मात्याने तिला पॉपकॉर्न अॅक्ट्रेस, म्हणजे नुसती गल्लाभरू पिक्चरची नटी, म्हटलं होतं आणि तिने ते खरं मानलं. साठी ओलांडलेली बाई, अंगावर कपडा नाही, पांढऱ्या ट्यूबलाइटखाली स्वतःकडे एकटक बघत उभी राहते, ऑस्कर हुकला तर हुकला.

कोणी बघू नये: उलटीचा त्रास असलेले, खाण्यापिण्यावरून किंवा वजनावरून मनाला आधीच त्रास असलेले, आणि ज्यांना 'हॉरर' म्हणजे भूत लागतं ते. लहान मुलं तर अजिबातच नाही. बाकीच्यांनी बघा, शक्यतो कोणाला तरी सोबत घेऊन, कारण नंतर बोलावंसं वाटतं.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन, भाची पाच देतेय आणि माझ्यावर चिडलीये. एक मार्क लांबीचा कापलाय. उरलेला अर्धा कोळंबीचा, घरात दोन वाटे फ्रीजरमध्ये पडलेत आणि मला डबा उघडवत नाहीये.