स्वे बारच्या नावाखाली लाल रंगाची नळी: माझे 92,000 रुपये असे गेले

14 डिसेंबर 2024 रोजी, शनिवारी, पिंपरी-चिंचवड परिसरातील एका मॉडिफिकेशन गॅरेजमध्ये मी माझ्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस गाडीचे पुढचे आणि मागचे स्वे बार, म्हणजे वळणात गाडी कलू नये म्हणून डाव्या-उजव्या चाकांना जोडणारे पोलादी दांडे, बदलून घेतले, म्हणजे बदलून घेतले असे समजून पैसे मोजले. पुढचा बार 36,000 रुपये, मागचा 31,500, बारची टोके चाकांकडच्या भागांना जोडणाऱ्या चार ड्रॉप लिंकचे 9,500 आणि मजुरी 15,000, असे एकूण 92,000 रुपये झाले. त्यातले 45,000 आगाऊ यूपीआयने दिले आणि 47,000 गाडी ताब्यात घेताना रोख दिले. प्रत्यक्षात पुढचा बार बदललाच नव्हता, त्याला जागेवरच लाल रंग मारला होता. आणि मागे बसवलेली वस्तू खुर्च्या-टेबलांसाठी वापरतात त्या एक इंची नळीपासून केलेली होती. गॅरेजचे नाव येथे लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे. मात्र पद्धत सविस्तर सांगतो, कारण असे काम करणारे हे एकच गॅरेज असेल यावर माझा विश्वास नाही.

ही 230 पीएसची (अश्वशक्तीची) गाडी मी 2021 मध्ये जुनी घेतली. ती मुळातच चांगली वळते, तरी घाटात वेगाने वळण घेताना पुढची चाके बाहेरच्या बाजूला ओढली जातात. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्याच चाकांना मिळणाऱ्या, बहुतेक गाड्यांचा हा स्वभावच असतो. मागचा बार अधिक ताठ बसवला की मागची बाजू वळणात लवकर साथ देऊ लागते आणि ही ओढ कमी होते. स्प्रिंग बदलल्यावर खड्ड्यांत जसे हाल होतात तसे यात फारसे होत नाहीत, कारण दोन्ही चाके एकदम वर गेली तर बारला पीळ पडत नाही. एक चाक वर आणि दुसरे खाली असेल तेव्हाच तो काम करतो. हे सगळे मी वाचलेले होते आणि त्यामुळे फक्त मागचा बार बदलावा, असाच माझा विचार होता. गॅरेजवाल्याने आग्रह केला, ‘सर, जोडीनेच बदला, नाहीतर तोल बिघडतो.’ त्याने पुढच्या बाराचा आग्रह का धरला, हे आता कळते. पुढचा बार सबफ्रेमच्या, म्हणजे इंजिनाखालच्या पोलादी चौकटीच्या, वर दडलेला असतो, खाली वाकून पाहिले तरी त्याची टोकेच काय ती दिसतात, आणि न केलेल्या कामाचे पैसे घ्यायला त्याहून सोयीची जागा अख्ख्या गाडीत नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत कोणी आधी पुढचा बार विकू लागला, तर तिथेच थांबावे.

मी भोसरीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात 17 वर्षे काम करतो. पुरवठादारांचा माल मापात बसला नाही तर तो परत पाठवणे हेच माझे काम आहे. म्हणून हे लिहिताना लाज वाटते, आणि म्हणूनच पुढचा प्रसंग मी स्वतःला माफ करू शकत नाही.

त्या दिवशी सकाळी अकरा वाजता मागच्या बारचे खोके माझ्यासमोर उघडले गेले. लाल पावडर कोटिंग, दोन्ही टोकांना वेल्ड केलेल्या चपट्या पट्ट्या, मधोमध पांढऱ्या अक्षरांचा स्टिकर. मी तो बार हातात घेतला आणि तो हलका लागला. नुसता हलका नव्हे, तर खोके रिकामे असावे असे वाटण्याइतका हलका. आठ दिवसांपूर्वी व्हॉट्सॲपवर मला जो संदेश आला होता त्यात स्पष्ट लिहिले होते, ‘25 एमएम सॉलिड, स्प्रिंग स्टील’. 25 मि.मी. जाडीच्या भरीव पोलादी दांड्याचे वजन मीटरला जवळपास 3.85 किलो भरते. हे गणित मला कागदाशिवाय येते. मी विचारले, ‘हा इतका हलका कसा?’ त्याने क्षणाचाही विलंब न लावता उत्तर दिले, ‘सर, हा पोकळ आहे, रेसिंगवाले पोकळच वापरतात, वजन वाचते.’ आणि ही गोष्ट खरी असते. चांगल्या प्रतीचे पोकळ स्वे बार असतात, अनेक गाड्यांना कंपनीतूनच येतात. खोटे बोलणाऱ्याने खऱ्याचा आधार घेतला की जाणकार माणूस अधिक सहज फसतो, कारण त्याला आपले ज्ञान दुजोरा देत असते.

तो संदेश त्या क्षणी माझ्या खिशातल्या फोनमध्ये होता. ‘सॉलिड’ हा शब्द त्यात होता. फोन काढून तो शब्द त्याला दाखवायला दहा सेकंद लागले असते, आणि मी तो काढला नाही, कारण 45,000 रुपये आधीच दिलेले होते, गाडी लिफ्टवर चढलेली होती आणि संशय घेणारा माणूस म्हणून दिसण्याची मला भीड वाटली. ज्याने आधी भरीव म्हटले आणि वस्तू हातात आल्यावर पोकळ म्हटले, त्याच्याकडचा व्यवहार त्याच जागी मोडायला हवा होता. आगाऊ रक्कम बुडाली असती तरी मी 47,000 रुपयांनी वाचलो असतो.

दुसरी खूण वेळेची होती. या गाडीचा पुढचा बार काढायचा तर सबफ्रेम खाली उतरवावी लागते, तिच्यावर स्टिअरिंग रॅक असतो, काही बोल्ट एकदा सोडले की पुन्हा वापरायचे नसतात आणि शेवटी व्हील अलाइनमेंट तपासावी लागते. हे अर्ध्या दिवसाचे काम आहे. मला सव्वादोन वाजता ‘गाडी तयार आहे’ असा फोन आला. जुने बार मागितले तर ‘भंगारात गेले’ असे उत्तर मिळाले; तीन तासांत भंगारवाला येऊन गेला, यावरही मी विश्वास ठेवला. आपले जुने भाग आपली मालमत्ता आहेत. काम सुरू होण्याआधीच ते डिकीत ठेवायला सांगा, आणि जो ते देऊ शकत नाही त्याने ते काढलेले नाहीत असे समजा.

मला कोणी भोळा म्हणू नये म्हणून सांगतो, की याच गॅरेजमध्ये माझ्या सहकाऱ्याने ब्रेक पॅड बदलले होते आणि ते काम उत्तम झाले होते. किंमतही संशय यावा इतकी स्वस्त नव्हती. पक्क्या बिलासाठी मात्र ‘वर 28 टक्के’, म्हणजे 25,760 रुपये मागितले गेले आणि मी साध्या कागदावरच्या अंदाजपत्रकावर समाधान मानले. हा माझा दोष आहे, आणि पुढे प्रत्येक टेबलावर तोच माझ्या तोंडावर फेकला गेला.

घरी येताना गाडी खरोखर चपळ वाटली. आठवडाभराने पेट्रोल पंपावर हवा तपासली तेव्हा मागच्या टायरांत 40 पीएसआय, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त दाब, निघाली. हवा वाढवली की टायर ताठ होतो आणि स्टिअरिंगला गाडी लगेच प्रतिसाद देते, असे भासते. बार बदलल्याचा अनुभव गॅरेजवाल्यांनी हवेतून दिला होता. हवा नेहमीएवढी केल्यावर ती चपळाई गेली, आणि मी ‘बुश (बार धरून ठेवणारी रबरे) बसत असतील’ अशी स्वतःची समजूत घातली.

9 फेब्रुवारी 2025 रोजी, रविवारी, माणगावहून ताम्हिणी घाटमार्गे परत येत होतो. सोबत पत्नी आणि मुलगी होती. एका डाव्या वळणावर मागून लोखंड तुटल्यासारखा आवाज आला आणि लगेच चाकाशी घासल्याचा कर्कश आवाज सुरू झाला. गाडी बाजूला घेऊन पाहिले, तर उजव्या बाजूची वेल्ड केलेली पट्टी नळीपासून निखळली होती आणि नळीचे मोकळे टोक टायरच्या आतल्या बाजूला रुतत होते. वेग ताशी 40 किलोमीटरच्या आसपास होता म्हणून आज हे लिहू शकतो आहे. टोइंगला 6,500 रुपये लागले.

दुसऱ्या दिवशी निगडीतील ओळखीच्या वयस्कर मेकॅनिककाकांनी गाडी लिफ्टवर घेतली. त्यांनी पुढच्या बाराच्या रबरी बुशवर बोट ठेवले. बुशच्या कडेवर लाल रंगाचे शिंतोडे होते, बाराचा सबफ्रेममागचा भाग काळाच राहिला होता, आणि सबफ्रेमच्या बोल्टांवर कित्येक वर्षांची माती तशीच घट्ट होती, तिथे पाना लागल्याची एकही खूण नव्हती. काकांनी ब्लेडने लाल रंग खरवडला तर खाली कंपनीचा मूळ काळा रंग आणि मूळ भाग क्रमांकाची चिठ्ठी निघाली. गॅरेजवाल्यांनी चिठ्ठीवरच रंग मारला होता.

मागच्या नळीचा रंग काढून मी स्वतः व्हर्नियर (जाडी मोजण्याचे साधन) लावला. बाहेरचा व्यास 25.4 मि.मी. निघाला, म्हणजे बरोबर एक इंच, जी हार्डवेअरच्या दुकानातली नळी असते. भिंतीची जाडी 1.6 मि.मी. होती. पिळाविरुद्धचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताच्या हिशेबाने मोजतात. त्याप्रमाणे ही नळी 25 मि.मी.च्या भरीव बाराच्या जेमतेम 44 टक्के ताठ ठरते, म्हणजे सुमारे 20.4 मि.मी.च्या दांड्याएवढी. वजन मीटरला 0.94 किलो, म्हणजे कबूल केलेल्याच्या चौथाईहून कमी. माझ्या हाताने डिसेंबरमध्येच हे वजन केले होते. ज्या भागाचा व्यास सांगितला जातो, त्याची भिंत किती जाड हेही विचारा आणि शक्य असेल तर वजनकाटा सोबत न्या.

त्यानंतर तपासणीचे 1,200, नवीन मूळ मागचा बार, बुश आणि लिंकचे 27,400 आणि टायरचे 14,600 रुपये गेले. टोइंग धरून एकूण नुकसान 1,41,700 रुपये.

आता ज्यांच्याकडे दाद मागितली त्यांच्याविषयी. पोलीस चौकीत मी चार वेळा गेलो. पहिल्या वेळी सांगण्यात आले की साहेब बंदोबस्तावर आहेत. दुसऱ्या वेळी विचारण्यात आले, ‘वस्तू मिळाली ना? मग फसवणूक कसली? हा क्वालिटीचा विषय आहे, दिवाणी वाद आहे.’ मी टायरवरचा चर दाखवला, संदेश दाखवले, खरवडलेल्या रंगाची छायाचित्रे दाखवली. पुढचा बार बदललाच नाही आणि 36,000 रुपये घेतले, यात गुणवत्तेचा प्रश्न येतो कुठे, असे विचारले तर उत्तर मिळाले, ‘गाडीत बदल करायला तुम्हाला सांगितले कोणी?’ भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 मध्ये फसवणुकीचा गुन्हा आहे, आणि फसवून पैसे द्यायला लावले तर त्याच्या चौथ्या पोटकलमानुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी ठेवलेल्या 14 दिवसांच्या प्राथमिक चौकशीची सबबही येथे चालत नाही. मी कलमे लिहून नेली तेव्हा ‘तुम्ही वकील आहात का?’ असे विचारले गेले. तिसऱ्या वेळी गॅरेजवाल्याला बोलावले गेले, त्याच्यासाठी खुर्ची आली, चहा आला, आणि मला 10,000 रुपये घेऊन मिटवण्याचा सल्ला देण्यात आला. तो चहा पीत असताना माझ्याकडे न पाहता फोन चाळत होता. मी उभा होतो. चौथ्या वेळी माझ्या अर्जाची पोच मागितली तर ती देण्यासाठी दीड तास बसवून ठेवले. तोंडी तक्रार करून कधीही परतू नका; लेखी अर्ज द्या, शिक्का घ्या, आणि गुन्हा नोंदवला नाही तर तोच अर्ज वरिष्ठांना पोस्टाने पाठवा. मी पाठवला आहे, अजून उत्तर नाही.

सायबर कक्षाने सांगितले की पैसे मी स्वतःहून दिले, तेव्हा हा त्यांचा विषय नाही. परिवहन कार्यालयात गेलो तर तिथल्या अधिकाऱ्याने मलाच मोटार वाहन कायद्याचे कलम 52 ऐकवले आणि परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला 5,000 रुपये दंड होऊ शकतो, याची आठवण करून दिली. रस्त्यावर चालणाऱ्या गाड्यांत टेबलाच्या नळ्या बसवल्या जात आहेत, माझी मुलगी त्या गाडीत बसली होती, आणि एवढे ऐकून त्या टेबलावर एकाही कागदावर एकही ओळ लिहिली गेली नाही. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी आरोपी ठरवायचे, म्हणजे तो पुन्हा येत नाही, हेच सगळीकडचे धोरण दिसते. विमा कंपनीला टायरचे पैसे मागण्याची माझी हिंमत झाली नाही, कारण न कळवलेल्या बदलाचे निमित्त करून उद्या मोठा दावाही नाकारला जाऊ शकतो. आपण बार बदलणार असाल तर आधी विमा कंपनीला लेखी कळवा.

ग्राहक आयोगात मात्र तक्रार दाखल झाली आहे. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. अडचण वेगळीच निघाली. यूपीआयचे खाते मालकाच्या नव्हे, मेव्हण्याच्या नावावर आहे, आणि पक्के बिल नसल्याने विरुद्ध पक्ष नेमका कोण हेच मला सिद्ध करावे लागते आहे. गॅरेजच्या पत्त्यावरची नोटीस ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा घेऊन परत आली, तेव्हा त्याच पत्त्यावर तीन गाड्या लिफ्टच्या रांगेत उभ्या असल्याचे मी डोळ्यांनी पाहिले. पैसे देण्याआधी खात्यावरचे नाव आणि दुकानावरच्या पाटीचे नाव जुळते का, एवढे तरी पाहा.

आयोगाला दोषयुक्त वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवता येते, म्हणून ती नळी मी कापलेली नाही, गॅरेजवाल्याने ‘बदलून देतो, घेऊन या’ असे दोनदा सांगूनही त्याच्या हाती दिलेली नाही. तुटलेल्या पट्टीसह ती वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटावर ठेवली आहे. त्याच्या जाहिरातीत आजही माझ्या गाडीच्या मागच्या बाजूचे छायाचित्र आहे. लिफ्टवर चढलेली गाडी, खाली चकाकणारी लाल नळी, आणि बाजूला किंमत लिहिली आहे 34,500 रुपये. माझ्याकडून घेतले त्यापेक्षा 3,000 जास्त.