मॉलचा रोस्टर की मांडवीची गादी?

दिवाळी सरली की बडोद्यात दरवर्षी चार जण तरी हाच प्रश्न घेऊन येतात. हंगामापुरती घेतलेली मुलं मॉलमधून मोकळी होतात. जी राहतात त्यांचे आठवड्याचे सहा दिवस चारावर येतात, मग तीनावर. नोकरी असते, बॅज असतो, ब्रँडचा टी-शर्ट असतो, फक्त काम नसतं. मग विचार सुरू होतो: असंच टिकून राहावं, की सरळ जुन्या पेठेत, मांडवी-मंगळबाजारात, एखाद्या शेठकडे लागावं? मी दोन्हीकडे नोकरी केली आहे. सध्या कुठे आहे ते पुढे येईलच, तेव्हा लिहिताना काटा थोडा एका बाजूला झुकलेला दिसला तर समजून घ्या.

एसी, युनिफॉर्म आणि खात्यात जमा होणारा पगार मॉलकडे. उकाडा, गर्दी आणि दहा-साडेदहा तासांचा दिवस पेठेकडे. हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

आधी मॉलची बाजू, कारण ती वाटते तितकी वाईट नाही. तिथे माणूस शिकतो. बिलिंग, स्टॉक टेक, डिस्प्ले, गिऱ्हाइकाशी हिंदी-इंग्रजीत बोलणं, हे सगळं बायोडेटावर लिहिता येतं आणि उद्या सुरत-अहमदाबादला गेलात तरी उपयोगी पडतं. इन्सेंटिव्ह बसला तर महिना चांगला जातो. जानेवारी आणि जुलैच्या सेलमध्ये तर तास इतके मिळतात की पाय सुजतात. आणि कोणी तुम्हाला शेठच्या घरी गॅसचा बाटला पोचवायला पाठवत नाही.

तास कापले जातात त्यात मॅनेजरचा दोष फारसा नसतो, हेही सांगायला हवं. वरून महिन्याची विक्री बघून माणसांचे तास ठरून येतात. गेल्या वर्षी याच आठवड्यात किती वॉक-इन (आत आलेली गिऱ्हाइकं) झाले, यंदा किती, त्या प्रमाणात माणसं. शनिवार-रविवारला कॉलेजची मुलं ‘वीकेंडर’ म्हणून येतात, मग मंगळवार-बुधवारी जुन्या माणसांवर कात्री चालते. त्यातून तुम्ही एजन्सीच्या पगारावर असाल तर हजेरी तितके पैसे. दुकान रिकामं असलं की पहिला तुमचा दिवस जातो.

हे सगळं मी सोसलं असतं. कमी तास हा तसा सोडवता येणारा प्रश्न आहे. आठवड्याला चार दिवस काम असेल आणि ते चार कोणते हे ठाऊक असेल, तर उरलेल्या तिनात माणूस काहीतरी जमवतो. माझं घोडं अडलं ते रोस्टरवर, म्हणजे कुणी कोणत्या दिवशी कधी यायचं त्या वेळापत्रकावर.

रोस्टर म्हणजे एक्सेलच्या तक्त्याचा फोटो. कॉम्प्युटरच्या स्क्रीनवरून मोबाइलने काढलेला, थोडा तिरका, कोपऱ्यात ट्यूबलाइटची चमक. रविवारी रात्री दुकान बंद झाल्यावर तो ग्रुपवर पडायचा. दोन बोटांनी मोठा करायचा, आपलं नाव शोधायचं, मग त्या ओळीवर बोट ठेवून उजवीकडे सरकायचं: हिरवं म्हणजे सकाळ, पिवळं म्हणजे दुपार, लाल म्हणजे सुटी. आणि एक करडा रंग होता, त्यात लिहिलेलं असायचं ‘स्टँडबाय’. म्हणजे घरी तयार राहा, गरज पडली तर फोन येईल. फोन आला तर अर्ध्या तासात हजर. नाही आला तर त्या दिवसाचे पैसे नाहीत, आणि दिवसही तुमचा नाही. हे सोमवारपासूनचं वेळापत्रक रविवारी रात्री, आणि तेही पक्कं नाही. बुधवारी त्याच ग्रुपवर दुसरा फोटो: ‘रिवाइज्ड’. एखाद्या आठवड्यात ‘फायनल रिवाइज्ड’सुद्धा. ग्रुपमध्ये सगळ्यांनी अंगठा दाखवायचा. अंगठा दाखवला नाही तर विचारणा.

त्या काळात हाथीखान्यात एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे मला हिशेब लिहायचं काम मिळत होतं. संध्याकाळी दोन तास, रोज. मॉलमध्ये कमी झालेले पैसे त्यात आरामात भरून निघाले असते. त्याची अट एवढीच, की रोज पाचला येत असशील तर ये, एक दिवस आड येणारा माणूस मला नको. त्याचं काही चुकलं नाही. मला हो म्हणता येईना, कारण परवा पाचला मी कुठे असेन ते मला ठाऊक नव्हतं. आईला डोळे दाखवायला न्यायचं, भिशीचा हप्ता, धाकट्याच्या शाळेतली मीटिंग, सगळ्यांना माझं उत्तर एकच: रविवारी रात्री सांगतो. घरात ते चेष्टेचं वाक्य झालं. मुलगा सायकल मागायचा तेव्हा बायको म्हणायची, बाबा रविवारी रात्री सांगतील.

कुणाला वाटेल, कायद्यात याला काही उत्तर असेल. गुजरातचा दुकानांचा नवा कायदा २०१९ चा. त्याने दुकानं चोवीस तास उघडी ठेवायला वाट मोकळी केली. कामगाराकडून रोज जास्तीत जास्त किती तास काम घ्यायचं हे त्यात आहे, जादा कामाला दुप्पट दर आहे. पण आठवड्याला निदान एवढे तास द्या, किंवा वेळापत्रक एवढे दिवस आधी कळवा, असं मालकावर बंधन नाही. जास्त राबवण्यापासून संरक्षण आहे, घरी बसवण्यापासून नाही. अमेरिकेत ओरेगॉन राज्याने यासाठी कायदा केला आहे. पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या दुकानदार, हॉटेल आणि खानपान कंपन्यांना २०१८ पासून सात दिवस आधी आणि २०२० पासून चौदा दिवस आधी वेळापत्रक द्यावं लागतं. न्यूयॉर्क शहरात दुकानांसाठी बहात्तर तास आधी. ते वाचून हेवा वाटला, दुसरं काय.

आता एक गोष्ट, जी मॉलमधल्या बहुतेक मुलांना कुणी सांगत नाही. पगारातून ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) पाऊण टक्का कापले जातात, मालक सव्वातीन टक्के भरतो. पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर तुम्ही त्यात येता. मॉलच्या बाजूने हा मोठा मुद्दा आहे आणि मी तो नेहमी सांगतो. पण आजारपणात घरी बसाल तेव्हाचा भत्ता, म्हणजे सरासरी रोजाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत, हा मिळायला आधीच्या सहा महिन्यांच्या खंडात निदान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढचे जानेवारी ते जून, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबर. सहा महिने म्हणजे सव्वीस आठवडे. तुम्हाला आठवड्याला तीन दिवस मिळत असतील आणि पैसेही त्याच तीन दिवसांचे, तर सव्वीस त्रिक अठ्ठ्याहत्तर. बरोबर काठावर. एक दिवस जरी ‘आज येऊ नको’ झालं, की खाली. म्हणून मॉलमध्ये राहायचं ठरवलंत तर आपले दिवस स्वतः वहीत मांडत चला, आणि सप्टेंबर किंवा मार्च जवळ आला की मॅनेजरला गोड बोलून दोन दिवस वाढवून घ्या. हे जमतं. मी जमवलेलं आहे.

आता पेठ.

मी सध्या मांडवीच्या अलीकडे साड्यांच्या दुकानात आहे. जुन्या पद्धतीचं, पांढरी गादी, पायताण बाहेर. महिन्याचा पगार ठरलेला, सुटीचा वार ठरलेला. मंदी इथेही येते, उलट मॉलपेक्षा जास्त कडक येते. पण ती पंचांगात लिहिलेली असते. पितृपक्षात गिऱ्हाईक नाही. डिसेंबरच्या मध्यापासून उत्तरायणापर्यंत, म्हणजे संक्रांतीपर्यंत, कमुरतं, लग्नं नाहीत, साड्या नाहीत. चातुर्मासात भारी माल उघडायचा नाही. २०२६ चा अधिक मास ज्येष्ठात, १७ मे ते १५ जून, म्हणजे लग्नसराई मधोमध कापली जाणार. शेठने खरेदीचं बोलणं काढलं तेव्हाच हा हिशेब मांडून ठेवला होता. अशा दिवसांत आम्ही गादीवर बसून साड्यांच्या जुन्या घड्या मोडतो आणि नव्याने घालतो, कारण साडी एकाच घडीवर महिनोन् महिने पडून राहिली की तिची जरतार तिथेच चिरते. माल मोजतो, डागाळलेला वेगळा काढतो, दुपारी चक्क झोपतो. पगार तोच.

आणि जेव्हा धावपळ असते तेव्हाही ती माहीत असते. नवरात्रीच्या आधीचे पंधरा दिवस आणि धनतेरसपर्यंतची दिवाळी, घरी सांगून ठेवायचं की मी नाही. रात्री अकरा वाजतात, शेठ सगळ्यांना सेव-उसळ मागवतो, तोच आमचा ओव्हरटाइम. (कायद्याने तो ओव्हरटाइम होत नाही, हे मला कळतं.) बेसतं वरस, म्हणजे पाडवा, झालं की लाभपाचमीपर्यंत, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीपर्यंत, शटर खाली. त्या दिवसांत मॉल मात्र चालू असतो, आणि उत्तरायणालाही. सगळं गाव गच्चीवर असताना सेलच्या बोर्डाखाली कोण उभं राहणार हे ठरवणारा रोस्टर कसा येतो ते वर सांगितलंच आहे.

शेठही वेळ बदलतो, नाही असं नाही. पण शटर पाडताना तोंडावर सांगतो, “काले जरा वहेलो आवजे.” (उद्या जरा लवकर ये.) आणि मला अडचण असेल तर तिथेच सांगता येते. त्या तिरक्या फोटोला अडचण सांगायची सोय नव्हती, अंगठा तेवढा होता.

पेठेत खटकणाऱ्या गोष्टी लपवत नाही. दुकान लहान असेल तर पीएफ-ईएसआय बहुधा नाहीच. पगार सात तारखेलाही होतो, बारा तारखेलाही होतो. वाढ वर्षातून एकदा, लाभपाचमीच्या सुमाराला, आणि किती ते शेठच्या मर्जीवर. ‘अनुभव’ म्हणून दाखवायला कागद नाही. दहा वर्षं साड्या दाखवल्या हे सिद्ध करायचं तर शेजारच्या दुकानदाराला विचारा म्हणावं लागतं. बायकांसाठी तर मी पेठ सरसकट सुचवणार नाही. मेहुणी मॉलमध्येच आहे आणि रोस्टरला शिव्या घालत असली तरी तिथून हलणार नाही म्हणते. स्वच्छ बाथरूम आहे, कॅमेरे आहेत, रात्री निघताना चार जणी बरोबर असतात. आमच्या गल्लीत बाथरूम म्हणजे मागच्या पोळेतल्या, म्हणजे जुन्या वस्तीतल्या, कुणाच्या तरी घरी विचारून जाणं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

तिसरी वाट म्हणून हल्ली मुलं रिकाम्या दिवसांत डिलिव्हरी करतात. मीही स्टँडबायच्या दिवसांत करून पाहिली. पेट्रोल, पंक्चर आणि दुपारचं ऊन वजा जाता हातात फार उरत नाही, आणि पुन्हा फोनकडे बघत बसणं आलंच. एका फोनची वाट बघायला कंटाळलेल्या माणसाने दुसऱ्या फोनची वाट का बघावी?

पैशाचं म्हणाल तर वर्षाची बेरीज केली असता मॉल कदाचित थोडा पुढे जाईल, निदान माझ्या बाबतीत दोन्ही जवळपास सारखेच निघाले असते. फरक महिन्या-महिन्यात आहे. मॉलमध्ये जानेवारीत खिसा गरम आणि फेब्रुवारीत वाण्याकडे उधारी. पेठेत दर महिन्याला तेवढेच, थोडे कमी, पण तेवढेच. घरभाडं आणि शाळेची फी सेल बघून ठरत नाही, म्हणून मला हे दुसरं बरं पडलं. मुलगा लहान, आई म्हातारी, अशा घरातल्या माणसाला माझ्या मते हेच बरं पडेल.

तुम्ही विशी-बाविशीत असाल, कॉलेज चालू असेल, घरी कुणी तुमच्या पगारावर अवलंबून नसेल, तर खुशाल मॉल घ्या. वर्ष-दोन वर्षं शिका, बोलायला शिका, मग बघा. पंचविशी ओलांडली आणि घरात खर्चाची माणसं असतील तर आधी पेठेत चौकशी करा. त्यातल्या त्यात मोठी पेढी बघा, जिथे माणसं जास्त आणि ईएसआय-पीएफ कापलं जातं. अशी दुकानं आहेत, फक्त ती बोर्ड लावून माणूस शोधत नाहीत, ओळखीतून घेतात. तिथे रविवारी रात्रीचा फोटो येत नाही आणि ईएसआयचं कार्डही मिळतं. मला तिथे जागा असती तर मी तीच घेतली असती. अजूनही कान उघडे ठेवून आहे.

आणि मॉलमध्ये मुलाखतीला गेलात तर पगार शेवटी विचारा. आधी मागच्या गेटला, जिथे स्टाफची मुलं चहा प्यायला येतात, तिथे अर्धा तास उभे राहा. रोस्टर कोणत्या वारी येतो, आल्यावर किती वेळा बदलतो, आणि स्टँडबायचे पैसे मिळतात का, हे त्या मुलांना विचारा. मॅनेजरला विचारलंत तर तो म्हणेल, आपल्याकडे सगळं फ्लेक्सिबल आहे.