उसाच्या फडातली भीती: सोलापूरकरांनी शोधून बघावेत असे भयपट

भयपट आवडणाऱ्या सोलापूरकराकडे एक मोठी पुंजी आहे, आणि ती फारशी कुणी खर्च करत नाही. मराठी येतंच. पूर्व भागात वाढलेल्याला तेलुगू येतं, अक्कलकोटकडच्याला कन्नड येतं, दखनी हिंदी तर रोज कानावर असते. म्हणजे पडद्याखालच्या ओळी (सबटायटल्स) न वाचता तीन-चार भाषांतले भयपट थेट कानाने घेता येतात. तरी गप्पा निघाल्या की गाडी हिंदी हॉरर-कॉमेडीपाशीच थांबते. खाली ज्या चित्रपटांबद्दल लिहिलंय त्यांतले काही नवे आहेत, काही जुने पण बाजूला पडलेले. निवडताना कसोटी एकच लावली: भीती जागेतून आली पाहिजे. घरातून, शेतातून, गावाच्या वेशीतून. पडद्यावर अचानक तोंड आलं आणि मागून धाडकन वाजलं की माणूस दचकतो, पण ते दोन सेकंदांत संपतं.

सुरुवात ‘लपाछपी’पासून करावी. विशाल फुरिया दिग्दर्शित हा मराठी चित्रपट २०१७ चा. दिवस भरत आलेली नेहा आणि तिचा नवरा देणेकऱ्यांपासून लपायला ड्रायव्हरच्या गावी येतात. घर चारही बाजूंनी उसात बुडालेलं. तिथली तुळसाबाई नेहाची काळजी घेते. नेहा झालीय पूजा सावंत, तुळसाबाई उषा नाईक.

यातली बरीचशी भीती लख्ख उजेडात घडते, आणि ती का लागते हे माळशिरस, पंढरपूर, माढा भागात वाढलेला ऊस आतून बघितलेल्याला सांगायला नको. आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा असतो, माणसाच्या दुप्पट उंच जातो. सरीत दहा पावलं आत गेलं की बांध दिसत नाही. प्रत्येक सरी सारखीच. पायाखाली पाचट वाजतं, वारा सुटला की दुसऱ्याच्या पावलांचा आवाज पानांच्या सळसळीत विरघळतो, आणि हाक ऐकू आली तरी कुठल्या अंगाने आली ते कळत नाही. नेहाला पळायचंय आणि पळायला फक्त ऊस आहे. अंधार, वीज, पडकी हवेली यांच्यावर फारसं न विसंबता दिग्दर्शकाने कोंडी उभी केली, हे या चित्रपटाचं सगळ्यात मोठं यश. उषा नाईक यांचं काम त्याच तोडीचं आहे. त्यांची माया खोटी वाटत नाही. त्या जेवायला वाढतात, विचारपूस करतात, आणि त्या प्रेमाचीच धास्ती बसायला लागते.

उणं आहे ते शेवटच्या टप्प्यात. मागची हकीकत फार सविस्तर उलगडून दाखवलीय. स्त्रीभ्रूणहत्येचा मुद्दा तोवर प्रेक्षकाला पुरता कळलेला असतो, तरी तो संवादांतून पुन्हा सांगितला जातो. पार्श्वसंगीतही काही ठिकाणी गरजेपेक्षा वर चढतं. त्याच दिग्दर्शकाने २०२१ मध्ये याची ‘छोरी’ नावाने हिंदी आवृत्ती केली, ती प्राइम व्हिडिओवर आली. मीता वशिष्ठ यांचं काम उत्तम आहे आणि निर्मिती जास्त सफाईदार आहे. पण दोन्हींपैकी एकच बघायचा असेल तर मराठी बघावा. तुळसाबाईची बोली जिथली आहे तिथलाच तो ऊस वाटतो.

हिंदी ‘तुंबाड’बद्दल थोडक्यातच लिहितो, कारण तो आता दुर्लक्षित राहिलेला नाही. १२ ऑक्टोबर २०१८ ला आला तेव्हा गर्दी जमली नाही. १३ सप्टेंबर २०२४ ला पुन्हा लागला तेव्हा लोकांनी थिएटरं भरली. भयकथाकार नारायण धारप वाचलेल्या मराठी माणसाला त्यातली हवा लगेच ओळखू येते. पाऊस, शेवाळ, वाड्याचं भिजलेलं लाकूड, आणि लोभ. मुद्दा एवढाच की पुन्हा बघताना आवाजाकडे लक्ष द्या. वाड्यातल्या आजीचा श्वास आणि साखळीचा आवाज तिच्या दिसण्याच्या आधी काम करून जातात.

मल्याळम दिग्दर्शक राहुल सदाशिवन यांचे दोन चित्रपट मात्र आपल्याकडे अजून पुरेसे पोचलेले नाहीत. पहिला ‘भूतकालम’, जानेवारी २०२२ मध्ये थेट सोनी लिव्हवर आलेला. भाड्याचं घर, नैराश्याने खचलेली आई, शिकून घरी बसलेला मुलगा. अंथरुणाला खिळलेली आजी वारते आणि नंतर मुलाला घरात काहीतरी जाणवायला लागतं. आई विश्वास ठेवत नाही, कारण मुलगा पितो आणि त्याच्यावर विश्वास ठेवण्यासारखं त्याने काही केलेलंही नाही. जवळजवळ सव्वा तास प्रेक्षकालाही ठरवता येत नाही की हे घराचं दुखणं आहे की घरातल्या माणसांचं. घर सोडून का जात नाहीत, हा भयपटांतला कायमचा प्रश्न इथे पैशाने सुटतो: दुसरीकडे जायची ऐपतच नाही. महिना संपत आला की भाड्याची जुळवाजुळव करणाऱ्या कुठल्याही घराला हे पटेल. आईच्या कामासाठी रेवतीला केरळ राज्य पुरस्कार मिळाला. हीच रेवती १९९२ च्या राम गोपाल वर्मांच्या ‘रात’मध्ये झपाटलेली मुलगी होती, दोन्ही लागोपाठ बघावेत. एक सूचना: पहिला तास संथ आहे, तिथे मोबाईल हातात घेतला तर शेवटची वीस-पंचवीस मिनिटं वाया जातात. त्या वेळी जे दिसतं त्याची जागा, दारं, पलंग, खिडकी, सगळं आधी शांतपणे दाखवून ठेवलेलं असतं.

दुसरा ‘भ्रमयुगम’, फेब्रुवारी २०२४. सतराव्या शतकातलं मलबार. जीव वाचवून पळालेला एक लोकगायक जंगलात वाट चुकतो आणि पडक्या वाड्यात येतो. तिथे दोघंच: मालक आणि स्वयंपाकी. मालक म्हणजे मामूट्टी. तो पाहुण्याला फाशांचा डाव खेळायला बसवतो आणि पणाला लावायला सांगतो ते त्याचं आयुष्य. संपूर्ण चित्रपट काळा-पांढरा आहे, वेळ दोन तास एकोणीस मिनिटं. भूत, चेटूक सगळं आहे, पण अंगावर काटा येतो तो मालक ज्या सहजतेने समोरच्याला त्याची जात आणि जागा दाखवून देतो त्यामुळे. वाड्यात खाणं मिळतं, आसरा मिळतो, फक्त निघायची परवानगी मिळत नाही. मध्यभागी पंधराएक मिनिटं गोष्ट एकाच जागी फिरते, ती कापता आली असती. तरी मामूट्टींच्या चेहऱ्यावरचा दिव्याचा उजेड बघण्यासाठी ती मिनिटं सोसावीत.

याचा हिंदी डब लावू नका. डबिंगमध्ये संवाद स्टुडिओत नव्याने बोलले जातात. मूळ नटाचा श्वास, घशातली घरघर, हळू हसणं निघून जातं. मामूट्टींनी या भूमिकेत आवाजानेच निम्मं काम केलंय. मूळ मल्याळम ठेवा, खाली इंग्रजी ओळी चालू करा.

काळ्या-पांढऱ्या चित्रपटात टीव्हीची सेटिंग सगळ्यात जास्त उघडी पडते. बहुतेक टीव्ही दुकानातून ‘व्हिविड’ किंवा ‘डायनॅमिक’ मोडवर येतात, कारण ट्यूबलाइटखाली चित्र भडक दिसायला हवं असतं. आधी ‘सिनेमा’ किंवा ‘फिल्ममेकर’ मोड लावा. मोशन स्मूदिंग बंद करा. प्रत्येक कंपनीचं त्याला वेगळं नाव असतं, पिक्चर सेटिंगमध्ये ‘मोशन’ शब्द शोधा. ते चालू असेल तर चित्र मालिकेसारखं गुळगुळीत होतं आणि सावलीतली हालचाल खोटी वाटते. मग एखादं अंधारं दृश्य थांबवून केस आणि मागची भिंत वेगळे दिसतात का ते तपासा. दिसत नसतील तर ब्राइटनेस एक-दोन घर वाढवा. उलट काळा रंग राखाडी दिसत असेल तर बॅकलाइट कमी करा. आयपीएस पॅनेलवर (हा एलसीडी पडद्याचा एक प्रकार) काळा पूर्ण काळा होत नाही, म्हणून टीव्हीमागे मंद दिवा ठेवला तर डोळ्याला फरक कमी जाणवतो. ॲपमध्ये डेटा सेव्हर चालू असेल तर अंधाराचे चौकोनी ठोकळे होतात. तो आधी बंद करा.

आवाजाचा प्रश्न इथे जास्त कठीण आहे. एप्रिल-मेमध्ये कूलर लावल्याशिवाय बसवत नाही, आणि कूलरची घरघर भयपटातली हळू कुजबुज आणि गुणगुण गिळून टाकते. लोक मग आवाज वाढवतात, आणि पुढचा धक्का कानठळ्या बसवतो. त्यावर ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ लावणं हा उपाय नव्हे. त्याने शांतता वर येते, धक्का खाली जातो, दोन्ही मरतात. कान पूर्ण झाकणारा वायरचा हेडफोन सगळ्यात बरा. ब्लूटूथ वापरत असाल तर आवाज चित्रापेक्षा किंचित उशिरा पोचतो, आणि भयपटात दाराचा आवाज दार उघडल्यावर आला की दृश्य पडतं. काही टीव्हींच्या साउंड सेटिंगमध्ये लिप-सिंकचा पर्याय असतो, तो हलवून ओठ जुळतात का बघा; तो आवाज आणखी मागेच ढकलत असेल तर वायरच वापरा. यंत्रमाग शेजारी असतील तर पाळी बंद असेल त्या वेळी बसा. खिडकीवर घरातलीच जाड सोलापुरी चादर टांगली की रस्त्यावरचा उजेड अडतो आणि खोलीतला घुमारा बराच कमी होतो.

आता तेलुगू. ‘मसूदा’ २०२२ चा. शाळेत शिकवणारी, नवऱ्यापासून वेगळी राहणारी नीलम, तिची मुलगी नाझिया, आणि शेजारचा गोपी, जो स्वभावाने भित्रा आहे. मुलीचं वागणं बदलतं तेव्हा मदतीला हाच भित्रा शेजारी येतो. अपार्टमेंटचा जिना, बंद दार, स्वयंपाकघर एवढ्याच जागेत पूर्वार्ध चालतो आणि तोच उत्तम आहे. संगीता यांनी केलेली आई विशेष लक्षात राहते. उत्तरार्धात मागची कथा येते, ती लांबते. पावणेतीन तासांच्या जवळ जाणारा चित्रपट अर्ध्या तासाने कमी असता तर जास्त घट्ट झाला असता.

‘विरूपाक्ष’ (२०२३) गावावर आहे. मृत्यू व्हायला लागतात, चेटकाचा संशय येतो आणि अष्टदिग्बंधन करून (म्हणजे आठही दिशा बांधून) गावाची वेस बंद केली जाते: कुणी आत नाही, कुणी बाहेर नाही. ही कल्पना फार जोरकस आहे, आणि अजनीश लोकनाथ यांचं संगीत तिला पेलतं. पहिल्या भागातलं प्रेमप्रकरण पुढे ढकलून बघितलं तरी गोष्ट अडत नाही. तुलनेने कमी खर्चात बनलेला ‘मा ऊरी पोलिमेरा’ (२०२१) चेटकाच्या त्याच विषयाकडे गुन्हेकथेच्या वाटेने जातो. त्याचा दुसरा भाग २०२३ मध्ये थिएटरात आला. गावातली बोली आणि सत्यम राजेश यांचं काम यांसाठी पहिला भाग बघावा.

या दोन्हींबद्दल एक आक्षेप मात्र आहे आणि तो गंभीर आहे. चेटकाचा संशय घेऊन माणसांना मारणं हा आपल्या भागाच्या आसपास खरोखर घडलेला प्रकार आहे. महाराष्ट्राला २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला तो उगाच नाही. भानामती हा शब्द इकडे अजून लोकांच्या तोंडी आहे. अशा वेळी संशय घेणारं गाव शेवटी बरोबर ठरतं का, हे भयपटात महत्त्वाचं असतं. ‘विरूपाक्ष’ आधी जमावाची क्रूरता दाखवतो आणि नंतर चेटूक खरंच होतं असं सांगून त्या क्रूरतेची धार स्वतःच बोथट करतो. ‘लपाछपी’ हेच उलटं करतो: तिथे भुतांपेक्षा त्यांना भूत बनवणारी माणसं भयंकर ठरतात. म्हणून कमी साधनांत बनलेला मराठी चित्रपट माझ्या मते वरचढ आहे.

परदेशी चित्रपटांत तीन नावं पुरेत. कोरियन ‘द वेलिंग’ (२०१६), दिग्दर्शक ना होंग-जिन: डोंगरातलं गाव, अनोळखी जपानी माणूस, गोंधळलेला पोलीस. त्यातला मांत्रिकाचा ढोल-झांजांचा विधी पोतराज आणि गोंधळ बघत वाढलेल्या माणसाला आतून हलवतो. वेळ दोन तास छत्तीस मिनिटं, त्यामुळे रात्री अकराला सुरू करू नका. फारसी ‘अंडर द शॅडो’ (२०१६): इराण-इराक युद्धातलं तेहरान, क्षेपणास्त्रांच्या भीतीने रिकामी होत चाललेली इमारत, आई, मुलगी आणि जिन्न. अवघी ८४ मिनिटं; ‘मसूदा’ आवडला तर हा लगेच लावा. ऑस्ट्रेलियन ‘लेक मंगो’ (२००८) माहितीपटासारखा रचलाय, बुडून मेलेल्या मुलीच्या कुटुंबाच्या मुलाखती आणि घरचे फोटो-व्हिडिओ. यात भीती फोटोच्या कोपऱ्यात, धूसर ठेवलेली आहे, त्यामुळे मोबाईलवर बघणं म्हणजे न बघणंच. शेवटची नावं सरकायला लागली की बंद करू नका, चित्रपट तिथेही चालू असतो.

‘तुंबाड’ला प्रौढांसाठीचं प्रमाणपत्र आहे, मुलांसोबत नको. ‘मसूदा’ शाळकरी मुलांना झोपू देणार नाही. घरात कुणाला दिवस गेले असतील तर ‘लपाछपी’ आणि ‘छोरी’ दोन्ही वर्षभर बाजूला ठेवा. आणि नैराश्यातून जाणारं कुणी सोबत बसणार असेल तर ‘भूतकालम’ आधी एकट्याने बघून मग ठरवा.