खोक्यावर समुद्र, वॉरंटीत मात्र वाळू बाद: कुत्र्याच्या पाच मीटरच्या पट्ट्याचे नऊ महिने

हा रिव्ह्यू फेब्रुवारीत लिहिला असता तर एक स्टार दिला असता, तोही शून्य देता येत नाही म्हणून. आता तीन देतोय.

पट्टा आपोआप गुंडाळला जाणारा, पाच मीटर, 25 किलोपर्यंतच्या कुत्र्यासाठी. मी चपट्या फितीचा घेतला. बारीक दोरीवाला स्वस्त असतो, पण कुत्र्याने हिसका दिला की बोटाची सालटी निघतात. आमचा भुऱ्या गावठी, 18 किलोचा. ऑक्टोबरपासून रोज सकाळी फुटाळा. आपण नागपूरकर त्या तलावाला चौपाटी म्हणतो आणि भुऱ्याचाही तसाच समज होता.

अंगठ्याखालचं बटण दाबलं की 'कट्ट' वाजतं आणि फीत अडते. या एका आवाजाचे मी दोन स्टार देतो. पंधरा दिवसांत भुऱ्या ओढ बसायच्या आधीच, नुसत्या आवाजावर थांबायला लागला. आता घरी बायको गॅसचा लायटर दाबते तरी हा स्वयंपाकघराच्या दारात पुतळा. मटण शिजत असताना तर ती उगाचच लायटर वाजवते.

डिसेंबरात दापोलीला मावसभावाकडे गेलो, तिथून कर्द्याच्या समुद्रकिनाऱ्यावर. भुऱ्याने आयुष्यातली पहिली लाट फुटाळ्याचं पाणी समजून लपालपा प्यायली, चार वेळा शिंकला आणि माझ्याकडे असा बघितला की जणू मीठ मीच टाकलं. थोड्या वेळाने ओकलाही. (गोड पाण्याची बाटली सोबत ठेवाच.) मग त्याला खेकड्यांची बिळं सापडली. डोळ्यांपर्यंत तोंड आत, शेपूट वर, मागच्या मागे उडणारी वाळू थेट माझ्या चहात. तीन दिवस सकाळ-संध्याकाळ हाच उद्योग. पाचच्या पाच मीटर फीत ओल्या वाळूत लोळायची आणि मी ती तशीच सर्रकन आत घ्यायचो.

फेब्रुवारीत फीत बाहेर आली ती आत जाईना. कंपनीला फोन केला तर पहिला प्रश्न, "समुद्रावर वापरला होता का?" खरं बोललो, तिथेच फसलो. वाळू वॉरंटीत बसत नाही म्हणे. अहो, पण तुमच्या खोक्यावरच एक सोनेरी कुत्रा हाच पट्टा लावून समुद्रकिनारी धावतोय! तिन्ही बाजूंनी फोटो काढून पाठवले. उत्तर आलं: "चित्र प्रातिनिधिक आहे." कुत्रा प्रातिनिधिक असेल, मान्य. समुद्रही प्रातिनिधिक? ते खोकं मी अजून टाकलेलं नाही.

नवा घ्यायला 899 रुपये जिवावर आले. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिक्सर दुरुस्त करणाऱ्या काकांकडे नेला. चार स्क्रू काढले, आत मोजायच्या टेपमध्ये असते तशी गुंडाळीची स्प्रिंग, कडेला गंज. पेपरवर उलटा केला तर चमचाभर वाळू पडली. काका म्हणाले, "हे काय जी, समुद्रच घेऊन आले का सोबत?" स्प्रिंग पुसली, तेलाचं बोट फिरवलं, 80 रुपये घेतले. तेव्हापासून बिनतक्रार चालू आहे, म्हणून तिसरा स्टार. चूक अर्धी माझीच होती हे आता कबूल. फीत पूर्ण बाहेर काढून गोड्या पाण्याने धुवायची, वाळली की मगच आत सोडायची. पण हे त्या खोक्यावर कुठेही लिहिलेलं नाही, कुत्र्याच्या चित्राला मात्र भरपूर जागा.

फुटाळ्यावर संध्याकाळच्या गर्दीत पाच मीटर सोडू नका, कोणाच्या तरी पायात फीत अडकतेच. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, आम्ही उजाडायच्या आत जाऊन यायचो. डांबरावर तळहाताची मागची बाजू टेकवून बघायची, आपल्याला सहन झालं नाही तर त्याच्या पंजांनाही होत नाही.

परवा गल्लीत एका बांधकामापुढे वाळूचा ट्रक रिकामा झाला. भुऱ्या पाचही मीटर घेऊन ढिगावर चढला आणि खेकडे शोधायला लागला. मी बटण दाबलं, कट्ट झालं. पहिल्यांदाच थांबला नाही.